शंभर येनचे रणांगण

तोक्योत सरकत्या जिन्यावर माणसे डावीकडे उभी राहतात आणि ओसाकात उजवीकडे. दोन शहरांतला फरक प्रवाशाला यापेक्षा मुद्देसूदपणे कुणी सांगू शकणार नाही. तोक्यो ही राजधानी. तिथे माणसे जपून बोलतात. ओसाका ही जुनी व्यापारी पेठ. इथला दुकानदार हाका मारतो, थट्टा करतो, आणि तुम्हाला त्याची भाषा येत नाही ही अडचण आपली नसून तुमची आहे अशा थाटात बोलतच राहतो. क्योतोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागतो आणि ओसाकाचा खाण्यापायी, अशी तिकडे म्हण आहे. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला अशा गावाबद्दल एकदम आपलेपणा वाटला, तर त्याचा दोष नाही.

या ओसाकाच्या दक्षिणेला शिनसेकाई नावाचा भाग आहे. शिनसेकाई म्हणजे नवे जग. पुण्यातला नवा पूल जितका नवा, तितकेच हे जग नवे. १९१२ साली ते वसवले तेव्हा उत्तरेकडचा अर्धा भाग पॅरिससारखा आणि दक्षिणेकडचा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखा करायचा, असा घाट होता. मध्ये त्सुतेनकाकू नावाचा मनोरा उभा केला. दुसऱ्या महायुद्धात तो आगीत सापडला आणि लोखंडासाठी मोडला गेला. आज दिसतो तो मनोरा १९५६ सालचा, शंभर मीटरांहून थोडा अधिक उंच. वर बिलिकेन नावाचा एक टोकदार डोक्याचा, मिस्किल चेहऱ्याचा देव बसलेला आहे. त्याचे तळवे चोळले की भाग्य उजळते म्हणे. हा देव मूळचा अमेरिकेतला. १९०८ साली तिकडच्या एका चित्रकलेच्या शिक्षिकेने तो घडवला. ओसाकाने त्याला दत्तक घेतला, आणि आता तो इथलाच झाला आहे.

खाली गल्ल्यांतून काड्यांवर तळलेले पदार्थ मिळतात. कमळाचे देठ, कांदा, भोपळा, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी पुढचे सगळे. सॉसचे भांडे जुन्या रीतीने सामाईक असते आणि त्यात काडी एकदाच बुडवायची, असा कडक दंडक आहे. जवळच जान्जान नावाची अरुंद बोळ आहे. शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळण्याच्या अड्ड्यांसाठी ती प्रसिद्ध. काचेबाहेर उभे राहून आतला डाव फुकटात बघायचा, ही इथली जुनी रीत. हे बघणारे लोक फार महत्त्वाचे, बरे का. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचे आहे.

मी ओसाकाला गेलो होतो तो यंत्रांच्या प्रदर्शनासाठी. उद्यमनगरात माझे लहानसे वर्कशॉप आहे, आणि एका जुन्या लेथच्या जागी काही नवे घ्यावे असा विचार होता. बरोबर भाचेराव होते. त्यांची कथा थोडक्यात सांगतो. वय तीस. हिंजवडीतली चांगली नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडली आणि व्हिडिओ गेम बनवायला बसले. साठवलेले पैसे संपत आले होते. पुण्यातल्या एका कंपनीने पुन्हा बोलावले होते, १ डिसेंबरला हजर व्हायचे, नाही तर जागा दुसऱ्याला. निघण्याच्या आदल्या दिवशी ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "तो माझं ऐकत नाही. तू मामा आहेस. तिकडे निवांत सापडेल, तेव्हा चार शब्द सांग."

निवांत तो मला एकदाही सापडला नाही. प्रदर्शन संपले त्या संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, मी तुझी यंत्रं तीन दिवस पाहिली. आता तू माझं एक यंत्र पाहायचं." आणि शिनसेकाईतल्या एका खेळघरात मला घेऊन गेला.

खेळघर म्हणजे लांबट बोगद्यासारखी खोली. दोन्ही भिंतींना ओळीने पेट्या, पेटीत पडदा, पडद्याखाली हँडल आणि बटणे. ज्यांचे बालपण १९९० नंतरच्या मुंबई-पुण्यात गेले, त्यांना हे दृश्य नवे नाही. आपल्याकडेही पार्लरे होती. शाळा बुडवून मुले तिथे सापडत आणि कानाला धरून घरी नेली जात. एका हिरव्या पोशाखातल्या पात्रावरून ज्या खेळाला आपली मुले 'मुस्तफा' म्हणत, तो १९९३ सालचा, या ओसाकाच्याच कॅपकॉम कंपनीचा. घरच्या टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर जो 'काँट्रा' घरोघरी खेळला गेला, तो १९८७ सालचा कोनामीचा, आणि कोनामीचाही जन्म १९६९ साली ओसाकातच झाला. ताईच्या घरी रविवारी दुपारी जो 'धडाड धूम' आवाज येई आणि ज्यामुळे माझी झोप मोडे, त्याचे मूळ गाव हे. म्हणजे मी एका अर्थी उगमाशी आलो होतो.

भाचेराव एका पेटीसमोर थांबले. खेळाचे नाव 'मेटल स्लग', साल १९९६.

पळता पळता गोळ्या झाडायच्या, या जातीच्या खेळांना इंग्रजीत 'रन अँड गन' म्हणतात. कॅपकॉमचा 'कमांडो' १९८५ चा, एसएनके कंपनीचा 'इकारी' १९८६ चा, मग 'काँट्रा', असा हा वंश. एसएनकेही ओसाकाचीच, १९७८ सालची. कथा म्हणाल तर काहीच नाही. एक शिपाई डावीकडून उजवीकडे जातो. वाटेत शेकडो शत्रू येतात. त्यांना मारायचे, आपण मरायचे नाही. चिमुकल्या पडद्यावर हा प्रकार पाहिला, तर शिमग्यातला गोंधळ बरा वाटावा. मी तसे म्हणालोही.

"खेळून बघ," भाचा म्हणाला आणि त्याने १०० येनचे नाणे फटीत सरकवले. आपले पन्नास-साठ रुपये.

यंत्रावर हात ठेवला की माझ्यासारख्या माणसाला आधी काय कळते, तर त्यातली ढिलाई. लेथचे हँडल फिरवले आणि कॅरेज हलायच्या आधी हात थोडा रिकामाच फिरला, तर त्याला आम्ही बॅकलॅश म्हणतो. या पेटीत तो नव्हता. हँडल झुकवले की आत टक् वाजते आणि त्याच क्षणी पडद्यावरचा माणूस निघतो. बटणे तीन. एकाने गोळी, एकाने उडी, एकाने हातबॉम्ब. शत्रू अगदी अंगाला भिडला, तर तेच गोळीचे बटण दाबल्यावर माणूस आपणहून सुरी चालवतो. इतके साधे. पुस्तक वाचावे लागत नाही.

अर्ध्या मिनिटात मी मेलो. एक गोळी लागली की खेळ खलास, असा इथला कायदा. पण मेल्यावर मनात जे आले ते विलक्षण होते. गोळी मी पाहिली होती. ती जाडजूड होती, रंगाने उठून दिसत होती आणि आरामात चालत आली होती, आपल्याकडे उन्हाळ्यात एस.टी. येते तशी. बाजूला व्हायला भरपूर वेळ होता. मी झालो नाही, कारण माझे लक्ष वरच्या डब्याकडे होते. कबड्डीत ज्याची तंगडी धरली जाते त्याला कुणी धरली आणि का धरली हे लगेच कळते, तसे मला कळले. राग आला तो स्वतःचा. यंत्राचा आला नाही. आणि हात खिशात गेला, दुसरे नाणे शोधायला.

"बघितलंस?" भाचा म्हणाला. "सगळी विद्या इथे आहे. मालकाला नाणं हवं, म्हणून खेळानं तुला मारलंच पाहिजे. पण लबाडीनं मारलं, तर तू दुसरं नाणं टाकणार नाहीस. उधारी नाही, हप्ता नाही. दर दोन मिनिटांनी तुझा विश्वास पुन्हा मिळवायचा."

व्यापारातला इतका नेमका व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

दुसऱ्या नाण्याला मी थोडा पुढे गेलो आणि मला कैदी भेटले. दाढी वाढलेले, अर्धी चड्डी नेसलेले, दोरीने बांधलेले. दोर तोडला की कैदी खिशातून काहीतरी बक्षीस काढून देतो, कडक सलाम ठोकतो आणि पळून जातो. बक्षिसात एखादे वेळी इंग्रजी 'एच' अक्षर येते. ते उचलले की एक आडदांड आवाज ओरडून मशीनगन मिळाल्याची वर्दी देतो, आणि २०० गोळ्या हातात येतात. त्या संपल्या की पुन्हा आपली गरिबाची पिस्तूल, तिच्या गोळ्या मात्र कधी संपत नाहीत. सोडवलेल्या कैद्यांची मोजणी टप्प्याच्या शेवटी होते. पण मध्ये तुम्ही मेलात, की तोवरचे सगळे कैदी हिशेबातून जातात. म्हणजे जितके परोपकारी व्हावे तितके मरणाचे भय वाढते. लोभ आणि भीती यांची अशी सांगड ज्याने घातली, त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

मग ती गाडी. खेळाला जिच्यावरून नाव मिळाले, तो रणगाडा. बुटका, गुबगुबीत, एखाद्या कासवाला तोफ बसवावी तसा. तो उडी मारतो, खाली बसतो, आणि त्याच्या बाजूची बंदूक हँडलबरोबर गोल फिरते. त्यात शिरलात की एका गोळीने मरण नाही, तीन तडाखे सोसतात. हो, एक गंमत सांगायची राहिली. मुळात हा खेळ रणगाड्याचाच होता, पायी चालणारा शिपाई त्यात नव्हता. तयार होत असताना तो लोकांपुढे मांडून पाहिला, तेव्हा लोकांना रुचला नाही. तेव्हा बनवणाऱ्यांनी जवळजवळ सगळे उलगडून पुन्हा विणले. मार्को आणि टार्मा हे दोन शिपाई आणले आणि रणगाड्याला नायकाच्या जागेवरून उतरवून वाहन केले. आता तो मिळाला की आनंद होतो आणि गेला की हळहळ वाटते. सदा जवळ असता, तर कुणी विचारले नसते.

ही बनवणारी मंडळी कोण? इरेम नावाच्या कंपनीतली माणसे. १९९४ च्या सुमारास तिने खेळ बनवणे थांबवले. त्यातल्या काहींनी बाहेर पडून 'नाझ्का' नावाची लहानशी कंपनी काढली आणि एसएनकेच्या यंत्रासाठी हा खेळ केला. नोकरी गेलेल्या माणसांचे काम आहे हे. भाच्याने हे वाक्य माझ्याकडे न बघता उच्चारले. मी ऐकून घेतले.

त्यांचा हात ओळखू येतो तो बारकाव्यांत. सगळे चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी, हाताने काढलेले. गंजलेला पत्रा, फुटलेल्या भिंतीतून दिसणाऱ्या विटा, धुराचा एकेक वळसा. आणि शत्रूचे शिपाई! ते बिचारे युद्ध करायला बसलेलेच नाहीत. कुणी शेकोटीपाशी काही भाजतो आहे, कुणी गप्पा मारतो आहे. आपण दिसलो की दचकतात, हात वर करून किंचाळत पळतात. मला एकदा गोळी झाडायची लाज वाटली. पण ही नुसती करमणूक नव्हे. त्या किंचाळण्याने खेळणाऱ्याला कळते, की याने आपल्याला पाहिले, आता हा काहीतरी करणार. विनोदातूनच इशारा दिलेला आहे. फार चांगल्या नटाला जसे हसवता हसवता कथा पुढे सरकवता येते, तसे हे.

माझी चार नाणी संपली आणि मी बाजूला झालो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. पन्नाशीपुढचे, कचेरीचा कोट, हातात छत्री. त्यांनी छत्री पेटीला टेकवली, एकच नाणे टाकले आणि बसले.

यानंतरचे दृश्य मला विसरता येणार नाही. जिथे मला गोंधळ दिसला होता, तिथे त्यांना व्यवस्था दिसत होती. शत्रू दर वेळी त्याच जागी, त्याच क्रमाने येतात. त्यांना ते पाठ होते, आपल्याकडे वारकऱ्याला अभंग पाठ असतात तसे. पण नुसत्या पाठांतराने भागत नाही. एक उडी चुकली की पुढचे सगळे हलते आणि तिथल्या तिथे नवे सुचावे लागते. ते गृहस्थ पळत नव्हते, चालत होते. तीन पावले पुढे, एक मागे, बसून दोन गोळ्या, उडी. एके ठिकाणी त्यांनी धडधाकट रणगाडा मुद्दाम शत्रूवर सोडून दिला आणि स्वतः बाहेर उडी घेतली. भाच्याच्या तोंडून 'अरे!' निघाले. आमच्यामागे आणखी तिघे येऊन उभे राहिले होते. कुणी बोलत नव्हते. शोगीच्या काचेबाहेर उभे राहावे, तसे सगळे.

चांगल्या खेळाची ही दुसरी खूण भाच्याने मला हळू आवाजात सांगितली. खेळणाऱ्याइतकीच बघणाऱ्यालाही गोडी पाहिजे. पाहणाऱ्याला समजले पाहिजे, की आत्ता जे झाले ते कठीण होते.

सहा टप्पे त्यांनी एका नाण्यात पार केले. शेवटी पडद्यावर एक कागदी विमान आले. युद्ध संपल्यावरच्या उजाड रणांगणांवरून ते तरंगत जाते, आणि वर करणाऱ्यांची नावे येत राहतात. इतका वेळ हसत-खिदळत चाललेल्या लढाईचा हा शेवट पाहून मी गप्प झालो. गृहस्थांनी नावे संपेपर्यंत मान लवून पाहिले, छत्री उचलली, आम्हाला किंचित वाकून नमस्कार केला आणि गेले. त्या एका नाण्यात त्यांनी यंत्र बराच वेळ अडवून ठेवले होते. खेळघराच्या मालकाचा त्यात तोटाच.

मालकांचे दुखणे खरे आहे. ही पेटी १०० येनच्या नाण्यावर बेतलेली. जपानात विक्रीकर १९८९ साली ३ टक्के आला, १९९७ साली ५, २०१४ साली ८ आणि २०१९ साली १० टक्के झाला. चहा महाग करता येतो, पण फटीत ११० येनचे नाणे कसे सरकवणार? भाडे वाढले, वीज वाढली, नाणे तेच राहिले. मुले घरच्या यंत्रांकडे आणि हातातल्या फोनकडे वळली. एसएनके २००१ साली दिवाळखोरीत गेली, पुढे दुसऱ्या रूपाने उभी राहिली. सेगासारख्या बड्या कंपनीनेही २०२० च्या डिसेंबरात आपल्या खेळघरांच्या धंद्यातला बहुतेक हिस्सा विकून टाकला. आता खेळघरांतून बाहुल्या उचलायच्या पंजांच्या पेट्या अधिक दिसतात. जुन्या पेट्या जिथे आहेत, तिथे कुणीतरी हौसेने, पदरमोड करून त्या चालत्या ठेवतो आहे. काचेच्या जुन्या पडद्याची नळी गेली, तर दुसरी कुठून आणायची हा प्रश्नच आहे. जुन्या लेथच्या सुट्या भागांसाठी मी इतका हिंडलो आहे, की या माणसांची कळ मला दुसऱ्याने सांगायला नको.

रात्री खोलीवर आलो. भाच्याने लॅपटॉप उघडून माझ्यापुढे ठेवला. त्याचा स्वतःचा खेळ. दोन वर्षे त्याने तो कुणा घरच्या माणसाला दाखवला नव्हता. सह्याद्रीतला एक घाट, पाऊस, ढगांतून दिसणारा किल्ला. चित्र असे सुरेख की नुसते बघत बसावे. मी खेळू लागलो. मेलो. पुन्हा खेळलो, पुन्हा मेलो. पाच-सहा वेळा झाले.

"कसा वाटला?"

आता ताईने सांगितलेले चार शब्द बोलायला याहून चांगला मोका नव्हता. पण मला तिसरेच दिसत होते, आणि वर्कशॉपमध्ये पोराने चुकीचे माप घेतले तर मी गप्प बसत नाही.

"मला कुणी मारलं तेच कळत नाही," मी म्हटले. "पाऊस पांढरा, गोळीही पांढरी. आणि तुझ्या हँडलला बॅकलॅश आहे."

"म्हणजे?"

"मी बटण दाबतो तेव्हा तुझा माणूस आधी गुडघे वाकवतो, हात मागे नेतो, मग उडी मारतो. दिसायला छान आहे. पण तोवर मी मेलेला असतो."

तो काही बोलला नाही. त्या वाकणाऱ्या गुडघ्यांवर त्याचे तीन आठवडे गेले होते, हे त्याने मला नंतर सांगितले. त्या वेळी मात्र त्याने दिवा मालवला आणि मला झोपायला सांगितले. अंधारात पडद्याचा निळा उजेड त्याच्या तोंडावर पडत राहिला. मला जाग आली तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते, आणि तो अजून तसाच बसला होता. घाटातले निम्म्याहून अधिक शत्रू त्याने काढून टाकले होते. पाऊस करडा केला होता, गोळ्या शेंदरी केल्या होत्या. गुडघे वाकत नव्हते.

"मामा, झोपला नसशील तर एकदा बघतोस?"

मी चष्मा लावला. पहिल्या खेपेला मेलो. दुसऱ्या खेपेलाही. पण तिसऱ्या खेपेला मरताना मी स्वतःशीच म्हणालो, "अरेरे, बसायला हवं होतं." भाच्याने ते ऐकले आणि खुर्ची जवळ ओढली.

तेवढ्यात माझा फोन वाजू लागला. हिंदुस्थानात रात्रीचा दीड वाजला असणार. इतक्या अपरात्री फोन करणारी जगात एकच व्यक्ती, आणि ती काय विचारणार हेही मला ठाऊक होते. भाच्याने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तिला सांग, पाच मिनिटांनी करतो," मी म्हणालो आणि पुन्हा बटणावर बोट ठेवले. त्या खिंडीतल्या दगडामागे बसायचे, हे आता मला कळले होते.